झोपलेलं पीठ

माणूस कामावरून घरी बसला की त्याची अडगळ होते, एवढं मुकादमीण समजून होती. पण अडगळीने उठावं आणि आपल्याहून मोठी दुसरी अडगळ घरात आणून उभी करावी, हे मात्र तिच्या गळी उतरत नव्हतं.

कपाट होतं ते. छातीइतकं उंच, दारातून जेमतेम आत येईल एवढं रुंद, तुपातेलाने आणि पिठाने काळंकुळकुळीत झालेलं. दाराच्या दोन झापा, त्यातली एक बिजागरीतून निसटून लोंबत होती, दारुड्याच्या खांद्यासारखी. ज्या बेकरीत नवऱ्याने उभं आयुष्य भट्टीसमोर भुवया जाळल्या, ती गेल्या आठवड्यात बंद झाली. मालकाच्या नातवाला तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. भट्टी फोडली, पावाचे पत्रे कोणी कोणी उचलून नेले, आणि कोणालाच नको असलेलं हे धूड नवऱ्याने हातगाडीवर चढवून घरी आणलं. आणलं ते आणलं, ठेवलं कुठे? तर मधल्या खोलीत! जी खोली मुकादमिणीने लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस खपून धुतली, जिचे पडदे उकळून, इस्त्री करून लावले, जिच्या फरशीवर सांडलेलं दूध चाटून प्यावं, त्या खोलीत. खिडकीखाली, पाळण्याच्या जागी.

"अहो, हे काय आहे?" तिने विचारलं होतं.

"कपाट."

"ते दिसतंय मला, डोळे फुटले नाहीत माझे. इथं का आहे?"

"असू दे."

नवऱ्याचं हे असंच. त्याला सगळी वस्ती भट्टीवाला म्हणायची, पण त्याच्या पोटात काय शिजतंय ते कधी वर यायचं नाही. 'बघू' आणि 'असू दे' एवढ्या भांडवलावर त्याने संसार केला. उरलेलं सगळं बोलणं मुकादमिणीच्या वाट्याला आलं होतं आणि तिने ते काम अंगचोरपणा न करता पार पाडलं होतं. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात सत्तावीस वर्षं तिने चादरी उकळल्या, दहा बायकांना धाकात ठेवलं. मुकादमीण हे नाव तिथलंच, पण निवृत्तीबरोबर ते काही सुटलं नाही. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. अक्षराला अक्षर जोडून वाचायची, पण माणूस मात्र एका नजरेत वाचते, असा तिचा स्वतःबद्दल समज होता.

तर असू दे म्हणे. मुकादमिणीने सकाळी सकाळी भंगारवाल्याला फोन लावला. "बाराला ये. हातगाडी आण, दोरी आण, आणि माणूस असेल तर माणूसही आण. बारा म्हणजे बारा."

हे ती मुद्दाम मोठ्याने बोलली. मधल्या खोलीत बिजागरीचा स्क्रू काढत बसलेल्या नवऱ्याचा हात क्षणभर थांबला. मग परत किर्र किर्र सुरू झालं.

"आई, राहू दे ना गं ते कपाट दोन दिवस," लेक म्हणाली. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती, सुजलेले पाय स्टुलावर, पोट टेबलाला टेकलेलं. दुसरी खेप, नववा महिना. तिचं स्वतःचं घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट सहा महिने बंद. इथून हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर. म्हणून ती आली होती. जावई आणि नात संध्याकाळी येऊन बसायचे.

"का राहू दे? तुझ्या बाळाला काय त्यात कोंबायचंय? झुरळं असतील त्यात, झुरळांची पणतवंडं असतील."

"बाबांनी चार वेळा पुसलं. गरम पाण्यानं."

"तेच म्हणते मी! घरातली बशी कधी विसळली नाही या माणसानं, आणि मेलं कपाट चार वेळा पुसतो. म्हातारचळ म्हणतात याला. दे सोडून. तो कागद कसला घेऊन बसलीयस?"

कागद डॉक्टरीणबाईंनी दिला होता. उद्याच्या तपासणीला भरून आणायचा. आईवडिलांना विचारून नीट लिहा, अंदाजे लिहू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. यावरून ठरणार होतं की लेकीला आत्ताच भरती करून घ्यायचं की कळा सुरू होईपर्यंत घरी ठेवायचं.

"ह्यात माझ्याच जन्माचं विचारलंय," लेक म्हणाली. "पूर्ण दिवसांची होते की आधी?"

मुकादमिणीने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि समोरची खुर्ची ओढली. हा विषय निघाला की ती उभ्याने बोलत नसे. लेकीच्या जन्माची गोष्ट तिच्याकडची सगळ्यात चांगली गोष्ट होती. कोणाच्या लग्नात, कोणाच्या आजारपणात, धुलाईखान्यात चादरी उकळत असताना, जिथे म्हणून चार बायका जमल्या तिथे ती मागून सांगितली जायची. कुठे थांबायचं, कुठे हसू येणार, सगळं तिला पाठ होतं.

"तीन आठवडे आधी. लिही. तुला जन्मात कधी धीर होता? पोटातही नव्हता. तुझ्या थोरल्या भावानं दोन दिवस माझा जीव काढला होता. तू अर्ध्या तासात! दुपारची वेळ, मी घोंगडी पिळत होते. कळ आली. म्हटलं, वाऱ्याची असेल. दुसरी आली, म्हटलं, वारा एवढा शहाणा नसतो. हे जेवायला आले होते, ते तसेच हात न धुता नर्सबाईला आणायला पळाले. थोरल्याला शेजारी टाकला. नर्सबाई आली, आणि अर्ध्या तासात तू बाहेर. मी हूं की चूं केलं नाही. नर्सबाई म्हणाली, बाई, दगडाच्या आहात की काय?"

"माहितीये," लेक हसत म्हणाली. "मग तुला ग्लानी आली."

"जराशी! जरा डोळा लागला म्हण. उघडला तर पोर कुठाय? नवरा कुठाय? नर्सबाई माझा हात धरून बसलेली, भिंतीकडे बघत. म्हटलं, बाई, माझी पोर? तर म्हणते, 'बेकरीत दाखवायला नेलीय.'"

इथे ती थांबली. इथे थांबायचंच असायचं.

"माझ्या आधी भट्टीनं पाहिलं तुझं तोंड! जन्म द्यायला मी, आणि पहिलं दर्शन पावाला! तीन तास हा माणूस तुला मिरवत होता. संध्याकाळचा पाव झाला नाही त्या दिवशी. अख्खी वस्ती पिशव्या घेऊन बेकरीसमोर उभी. अजून मला लोक म्हणतात, तुमची लेक जन्मली त्या दिवशी आम्ही कोरडा चहा प्यायलो. बरं, आला तेव्हा अवतार काय? तुझ्या केसांत पीठ, कानांत पीठ. ज्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, तो खळ घातल्यासारखा ताठ. मी म्हटलं, 'आलात मिरवून?'"

"आणि नर्सबाई," लेकीने आठवण दिली.

"नर्सबाई! तिनं तुला पाहिलं मात्र, हातातलं घमेलं खाली. ठाण्णकन! एवढी देखणी पोर तिनं जन्मात बघितली नव्हती. माझं नवंकोरं तामचिनीचं घमेलं, टवका उडाला त्याचा." तिने मोरीकडे बोट केलं. घमेलं तिथेच होतं, फडकी भिजवलेलं. काठाला काळा टवका. "नजर लागू नये म्हणून देवानंच पाडलं असेल."

लेक पोट धरून हसली. बत्तीस वर्षं ऐकलेली गोष्ट, तरी हसू यायचंच. मग तिने पेनाने पुढची ओळ गाठली.

"जन्मल्यावर लगेच रडलात का?"

"रडलीस म्हणजे? छप्पर उडालं! त्या दिवशी जी सुरू झालीस ती तीन वर्षं थांबली नाहीस. माझ्या डोळ्याला डोळा नाही, आणि हे तुला म्हणतात झोपाळू! कधी झोपलीस तू? नाव ठेवायला काही धरबंध असावा की नाही? लिही, लगेच."

लेकीने 'ल' काढला.

"नाही," दारातून आवाज आला.

दोघींनी वळून पाहिलं. भट्टीवाला दारात उभा होता, एका हातात पेचकस, दुसऱ्यात बिजागरी. पायाखाली काही सांडल्यासारखा तो जमिनीकडे बघत होता.

"काय नाही?"

"लगेच नाही रडली. डॉक्टरला खरं लागतं. खोटं नको लिहूस, झोपाळू."

"ऐका! तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही दाराबाहेर होतात."

"मी आत होतो," तो म्हणाला. "तूच नव्हतीस."

नवरा आजवर एका दमात एवढं बोलल्याचं मुकादमिणीला आठवेना.

"बसा बाबा," लेक हळूच म्हणाली.

तो बसला नाही. बिजागरी या हातातून त्या हातात घेतली. "निळी होती. वांग्यासारखी. नर्सबाईनं उलटी धरली, पाठीवर मारलं, तोंडात फुंकलं. फुंकत राहिली. तोवर इकडे हिचं रक्त थांबेना. हिचे डोळे पांढरे झालेले. नर्सबाई म्हणाली, मला दोन हात आहेत, मी एकीलाच बघू शकते. पोर गेली. आता आईला बघू द्या. चादरीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, ही शुद्धीवर यायच्या आत घेऊन जा. हिनं बघितलं तर हीपण जाईल."

"कुठे घेऊन जा?" लेकीने विचारलं.

गॅसवर काहीतरी खदखदत होतं, ते कोणी बघितलं नाही.

"फावडं बेकरीत होतं," तो म्हणाला.

मुकादमिणीला कळेना. फावडं? फावड्याचा इथे काय संबंध? जन्माची गोष्ट चालली आहे, पोरीच्या, त्यात राख काढायचं फावडं कशाला? ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि मग कळलं. असं कळलं की टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली. धुलाईखान्यात एकदा वाफेची नळी फुटली होती, दहा बायका किंचाळत पळाल्या होत्या आणि ती एकटी जाऊन नळ बंद करून आली होती. त्या दिवशीसुद्धा तिचे हात असे गार पडले नव्हते.

"बेकरीत कोणी नव्हतं," तो सांगत राहिला. एकदा सुरू झाला होता आणि थांबलो तर पुन्हा जमणार नाही, हे त्याला कळत असावं. "दुपारची सुट्टी. संध्याकाळच्या पावाचे गोळे कपाटात फुगत ठेवलेले. मी मागं राखेकडे जाणार, तर हिला ठेवू कुठे? ओटा दगडाचा, गार. जमिनीवर कशी ठेवू? ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काही हातात असलं की बेकरीवाल्याचा हात कपाटाकडेच जातो. विचार करत नाही तो. दहा वर्षांची सवय होती तेव्हा हाताला. मधली फळी काढली, हिला ठेवलं आणि झाप लावली. कळतंय का? झाप लावली मी. पीठ ठेवतात तशी ठेवली आणि गेलो."

"कपाट भट्टीच्या भिंतीला लागून असायचं," लेक म्हणाली. ती लहानपणी तिथे खेळली होती. "गरम असायचं."

"असायचं. पण मी ऊब द्यायला ठेवली नव्हती. कोणी म्हणेल, शहाणा माणूस, ऊब दिली. मी काही दिलं नाही. मी खड्ड्यासाठी फावडं आणायला गेलो होतो." त्याने बिजागरी टेबलावर ठेवली. "ते राखेत पुरलेलं. काढलं तर सगळं माखलेलं. तसलं कसं न्यायचं हिच्यासाठी? म्हणून धुतलं. दोनदा धुतलं. पुसलं. त्यात वेळ गेला. सगळा मिळून पाऊण तास."

"परत आलो तर मांजर ओरडत होतं. बेकरीत मांजरं फार. म्हटलं, शिरलं कपाटात, आता हिला आणि गोळ्यांना... म्हणून मी फावडं उगारूनच झाप उघडली."

लेकीचा हात तोंडावर गेला.

"मांजर नव्हतं," तो म्हणाला.

मग तो खरोखरच बसला. लेकीने पाय काढून मोकळं केलेल्या स्टुलावर.

"सगळे गोळे बाहेर फेकले. वरच्या फळ्या काढल्या. हिला तिथंच राहू दिलं, छातीवर हात ठेवून. हात काढला की थांबेल असं वाटायचं. बाहेर लोक दार वाजवायला लागले, पाव पाव म्हणून. मी आतून कडी घातली होती. तीन तास. लालबुंद झाली, मग आणली." त्याने लेकीकडे पाहिलं, पहिल्यांदाच. "न फुगलेल्या पिठाला आम्ही वाया गेलं म्हणत नाही. झोपलंय म्हणतो. ऊब लागली की उठतं."

झोपाळू. मुकादमिणीने आयुष्यभर चेष्टा केलेलं ते नाव टेबलावर येऊन पडलं, आणि त्याच्यामागे एकेक करून बाकीचं सगळं येऊ लागलं, जसं एक टाका उसवला की शिवणच हातात येते. नर्सबाई भिंतीकडे का बघत होती. हात एवढा घट्ट का धरला होता. बेकरीत दाखवायला नेलीय! किती पटकन सुचलं असेल बाईला, आणि किती पटकन आपण गिळलं. केसांतलं पीठ. खळ घातल्यासारखी चादर, जी तिने तीन वेळा सोड्यात उकळली, नवऱ्याला शिव्या घालत. आणि घमेलं. देखणी पोर म्हणून पडलं होतं का घमेलं? स्वतःच्या हाताने गुंडाळून दिलेलं मढं दारातून हातपाय हलवत आत आलं, म्हणून पडलं ते. हे ती बत्तीस वर्षं चार बायकांत सांगत होती, ठाण्णकन म्हणून, आवाजासकट, आणि बायका डोळे पुसपुसून हसत होत्या.

'आलात मिरवून?' असं विचारलं होतं तिने. आणि नवरा काय म्हणाला होता?

"हो म्हणालात तुम्ही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मी विचारलं, आलात मिरवून. तुम्ही हो म्हणालात."

"नर्सबाई मागून बोटानं नको नको करत होती. अंगात रक्त नाही, धसका घेईल म्हणून."

"तेव्हा! मी काय बत्तीस वर्षं रक्ताविना होते का? वर्षानं सांगायचं. पाच वर्षांनी सांगायचं. भर मांडवात मी तुम्हाला टोमणे मारले. व्याह्यांसमोर मारले. तुमच्या मालकासमोर म्हटलं, या माणसाला बायकोपेक्षा बेकरी प्यारी. तेव्हा तोंडात काय पीठ भरलं होतं?"

"तू लोकांना सांगायला लागलीस. छान सांगायचीस. सगळे हसायचे. मलापण बरं वाटायचं ऐकायला." त्याने गुडघ्यावरचं न दिसणारं पीठ झटकलं. "तुझ्या गोष्टीत कोणी मेलेलं नव्हतं."

माणसं एका नजरेत वाचणारी बाई, आणि एकच माणूस चाळीस वर्षं उशाला, त्याचं पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं.

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने कागदावरचा 'ल' खोडला. "बाबा, म्हणून आणलंत ते कपाट?"

"हॉस्पिटलात काचेच्या पेट्या असतात. माहितीय मला. मी काय वेडा आहे?" तो म्हणाला. "पण भट्टी फोडली आणि मग ते फोडणारे गडी कुऱ्हाड घेऊन कपाटाकडे वळले. बघवेना. आणि तुझे दिवस भरत आलेले. म्हटलं, असू दे. जवळ असलेलं बरं."

दार वाजलं. कडी जोरजोरात आपटली.

"मावशी! भंगारवाला! कुठाय कपाट?"

भट्टीवाला उठला नाही. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. सगळं सांगून झालं होतं. आता तिने कपाट द्यायचं म्हटलं असतं तर तो तेही उचलू लागला असता, आणि असू दे म्हणाला असता. हे मुकादमिणीला ठाऊक होतं. आज सकाळी यातच तिला विजय वाटला होता.

ती उठली. पदर खोचला. दार उघडलं. बाहेर भंगारवाला, त्याची हातगाडी, दोरीचं वेटोळं आणि घाम पुसणारा त्याचा भाऊ.

"किती वाजले?" मुकादमिणीने विचारलं.

"बारा, मावशी."

"बारा वाजून सात मिनिटं. मी काय सांगितलं होतं?"

"अहो, चौकात टेम्पो आडवा..."

"उशिरा येणाऱ्याला या घरातून काही मिळत नाही. टेम्पोला विक भंगार."

"मावशी, कपाट तरी बघू द्या! दोन माणसं आलोय आम्ही."

"कसलं कपाट? पाळणा आहे तो," ती म्हणाली आणि दार लावलं.

परत येताना ती स्वयंपाकघराकडे वळली नाही. सरळ मधल्या खोलीत गेली. उन्हाचा पट्टा खिडकीतून कपाटाच्या अंगावर पडला होता. चांगली असलेली झाप तिने उघडली. आत आंबूस, जुना वास, पावाचा आणि लाकडाचा. मधल्या खाचेत फळी होती. तिने हात घातला, वीत पसरली. एक वीत, दुसरी वीत. दोन विती भरायच्या आत हात फळीच्या मागच्या कडेला लागला. एवढीशी जागा. आणि झाप लावली तर आत काळोख. तिने झाप अर्धी ढकलून बघितली आणि झटकन परत उघडली.

त्या वेळी ती कुठे होती? बेकरीपासून दोन गल्ल्या पलीकडे, घरी, स्वच्छ अंथरुणात, डोळे मिटून. तिची लेक काळोखात होती, तिचा नवरा फावडं धूत होता, आणि ती निजली होती. दगडाची बाई. कोणी तिला हाक मारली नाही.

मागे पावलं वाजली. लेक दारात आली होती, एक हात कमरेवर. तिच्यामागे भट्टीवाला, पेचकस घेऊन. त्याला वाटलं असावं, काम अर्धं राहिलंय.

"काय लिहिलंस कागदावर?" मुकादमिणीने लेकीला विचारलं, कपाटाकडे तोंड करूनच.

"लगेच नाही. पाऊण तासानं."

"आणि उद्याच भरती करा म्हणावं. घरी बसून वाट बघायची नाही. तू जाशील तेव्हा मी बरोबर येणार. खोलीच्या बाहेर काढलं तर त्यांच्या धुलाईखान्यातल्या सगळ्या बायका मला ओळखतात, सांग त्यांना."

मग ती नवऱ्याकडे वळली. त्याचे खांदे पडलेले होते, टोमणा झेलायला तयार, जसे ते नेहमीच असायचे. डोळे भरून आले होते तिचे, पण ते तिने पुसले नाहीत. पुसले असते तर आहेत हे कबूल करावं लागलं असतं.

"अहो, इकडे बघा. जमिनीत काही नाही तुमचं, इकडे बघा. हात तुमचा होता, सवय तुमची होती, पोर वाचली. हे मी जिथं जिथं तुमची चेष्टा केली तिथं तिथं जाऊन सांगणार आहे, एकही घर सोडणार नाही. तुमचं देणं नाही ठेवत मी. पण पाऊण तास माझी लेक मेलेली होती, आणि त्यातलं अर्धं रडणं माझं होतं. ते तुम्ही मला न विचारता एकट्यानं रडून टाकलंत आणि वर बत्तीस वर्षं मला हसत ठेवलंत. याला चांगुलपणा म्हणत असतील बाकीचे. मी नाही म्हणणार. चोर आहात तुम्ही. घरात चोर घेऊन संसार केला मी. आता ती बिजागरी नीट बसवा, आणि पुन्हा या घरात काही झालं, कितीही वाईट झालं, तर आधी मला उठवायचं."